संत नामदेव

संत नामदेव (इ.स. १२७० – इ.स. १३५०) हे वारकरी संप्रदायातील थोर संतकवी, संत ज्ञानेश्वरांचे समकालीन आणि मराठी कीर्तनपरंपरेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. त्यांचे पूर्ण नाव नामदेव दामाशेटी रेळेकर. जातीने व व्यवसायाने ते शिंपी होते. मराठी अभंगांबरोबरच त्यांनी हिंदी पदेही रचली. त्यांपैकी ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. हिंगोली जिल्ह्याशी त्यांचा संबंध दुहेरी आहे. या जिल्ह्यातील नरसी हे त्यांच्या कुळाचे गाव, आणि औंढा नागनाथ हे त्यांना गुरू भेटल्याचे स्थान. नामदेवांच्या चरित्रकथांत एक गोष्ट पुन:पुन्हा आढळते, ती म्हणजे कानाला दिलेले महत्त्व. मडके वाजवून पाहावे तशी झालेली त्यांची परीक्षा, देवळाच्या मागे बसून केलेले कीर्तन आणि कोसळलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यातून ओळखलेला नामघोष, हे त्यांच्या आयुष्यातील तिन्ही निर्णायक प्रसंग आवाजाशी निगडित आहेत.

जन्म आणि कुळ

नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी झाला, असे परंपरा मानते. वडिलांचे नाव दामाशेटी आणि आईचे गोणाई. जन्मस्थळाविषयी एकमत नाही. कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव जन्मस्थान म्हणून मानले जाते आणि आज ते नरसी नामदेव या नावानेच ओळखले जाते. काही अभ्यासक मात्र हे कुळ मूळचे नरसीचे असले तरी नामदेवांच्या जन्माआधीच पंढरपुरास येऊन स्थिरावले होते असे मानतात. घराण्यातील यदुशेट नावाचा पूर्वज नरसीचा होता, ही माहिती दोन्ही मतांना मान्य आहे. कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूरचाही दावा मांडला गेला आहे. परंतु त्याला तितका आधार मिळालेला नाही. नरसी पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. जुन्या ग्रंथांत परभणी जिल्ह्याचा उल्लेख आढळतो, त्याचे कारण हेच.

नामदेवांच्या पत्नीचे नाव राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र व लिंबाई ही कन्या अशी त्यांची संतती. गंगाखेडहून लहानपणी या घरी आलेली जनाबाई हीदेखील या कुटुंबाचीच एक मानली जाते. आई, पत्नी, मुले, सुना आणि दासी या साऱ्यांच्या नावावर अभंग आहेत. एकाच घरातून इतक्या जणांची रचना मिळावी, हे मराठी वाङ्मयात विरळाच आहे.

पंढरपुरातील पूर्वायुष्य

बालपणाविषयी सर्वांत प्रसिद्ध कथा नैवेद्याची आहे. वडील घरी नसताना नामदेव देवापुढे ताट घेऊन गेले आणि देव जेवत नाही असे पाहून हट्टाला पेटले, अखेर विठ्ठलाला जेवावे लागले, असा तिचा गाभा. विठ्ठलाशी असलेली ही लडिवाळ जवळीक नामदेवांच्या अभंगांत सर्वत्र दिसते. घरचा धंदा मात्र त्यामुळे मागे पडला. मुलगा कापड शिवण्याऐवजी देवळात रमतो, ही गोणाईची तक्रार आणि संसार उघडा पडल्याचे राजाईचे गाऱ्हाणे त्यांच्या नावावरील अभंगांत आले आहे. भक्तीची किंमत घरातील बायकांनी कशी मोजली, याचा तो दुर्मीळ दाखला होय.

गोरोबांची परीक्षा

ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली आणि त्या सुमारास नामदेव ज्ञानेश्वर व त्यांच्या भावंडांच्या सहवासात आले. याच काळातील एक प्रसंग तेर येथे घडला, असे परंपरा सांगते. तेर हे प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध असलेले, सध्याच्या धाराशिव जिल्ह्यातील गाव. तेथे संत गोरोबा कुंभार राहत. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटणे पाहिले आणि ते कशासाठी आहे असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितल्यावर, आम्हीही मडकीच आहोत, आम्हालाही पारखून पाहा, असे त्या म्हणाल्या. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत पारख केली. सारे शांत बसून राहिले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे.

कथेतील एक तपशील कुंभारकाम जाणणाऱ्याच्या लक्षात येतो. थापटणे हे वास्तविक घडणीचे हत्यार आहे. ओल्या मडक्याच्या आत दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकले की त्याची भिंत पातळ होते आणि आकार फुगतो. भाजलेले मडके पारखायचे ते बोटाच्या पेराने वाजवून. आव्यातून नीट भाजून निघालेले मडके खणखणीत वाजते, कच्चे किंवा तडा गेलेले बद्द वाजते. बाजारात गिऱ्हाईक आजही मडके वाजवूनच घेते. गोरोबांच्या कथेत ही दोन्ही कामे एकाच थापटण्याने केली आहेत. परीक्षा आणि घडण एकाच ठोक्यात व्हावी, हा अर्थ कथाकारांच्या मनात असावा असे मानणे सयुक्तिक वाटते, कारण या अपमानानंतरच नामदेव बदलू लागले.

पोकळ मडके आवाजाला उत्तर देते, हे ज्ञान फार जुने असून ते अनेक देशांत धार्मिक वास्तूंपर्यंत पोहोचले होते. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात नाट्यगृहांच्या आसनांखाली, कोनाड्यांत सुरांनुसार जुळवलेली कांस्यपात्रे ठेवण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. पुढे मध्ययुगात, म्हणजे साधारण नामदेवांच्याच शतकांत, फ्रान्स, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया इत्यादी प्रदेशांतील अनेक चर्चच्या भिंतींत आणि छतांत मातीची मडकी तोंडे आतल्या बाजूस ठेवून बसवण्यात आली. प्रार्थनागीत अधिक गोड ऐकू यावे, हा त्यामागील हेतू होता. फ्रान्समधील मेट्झ येथील एका मठात १४३२ मध्ये अशी मडकी बसवल्याची नोंद आहे. ती नोंद करणाऱ्यानेच पुढे या उपक्रमाची टर उडवली आहे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने निमुळत्या तोंडाचे पोकळ भांडे ठराविक एकाच स्वराला जोराने प्रतिसाद देते हे सिद्ध केले. त्या स्वरापुरते भिंतीतले मडके आवाज ओढून घेते व परत सोडते. परंतु मोठ्या दालनात मोजकी मडकी असली तर एकूण परिणाम फारसा होत नाही. तेरच्या कथेत मडके भिंतीत नाही, माणसाच्या धडावर आहे. त्याने कोणता स्वर परत द्यावा याची अपेक्षा मात्र तशीच नेमकी आहे.

औंढा नागनाथ आणि विसोबा खेचर

कच्चे ठरलेले नामदेव गाऱ्हाणे घेऊन विठ्ठलाकडे गेले. गुरूवाचून पक्केपण येणार नाही, असे सांगून विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले. ही भेट औंढा नागनाथ येथील शिवमंदिरात झाली, असे मानले जाते. बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे हे मंदिर यादवकाळातील हेमाडपंती बांधणीचे असून त्याचा खालचा भाग विपुल शिल्पांनी नटलेला आहे. शिखराकडील भाग नंतरच्या काळातला. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली असल्याने अरुंद वाटेने, अंग चोरून खाली उतरावे लागते. घडीव दगडाच्या अशा लहान, बंदिस्त जागेत हलक्या आवाजात म्हटलेला मंत्रही घुमतो, पण बाहेर बसलेल्याला त्याचे शब्द कळत नाहीत.

नामदेव मंदिरात गेले तेव्हा एक वृद्ध शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला त्यांना दिसला. पाय काढा, असे नामदेवांनी सांगताच, जेथे देव नसेल तेथे तूच ते उचलून ठेव, असे उत्तर मिळाले. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत तेथे लिंग प्रकट होई. हा वृद्ध म्हणजेच विसोबा. पंढरीच्या एका मूर्तीपुरता असलेला नामदेवांचा देव या प्रसंगानंतर चराचरात पसरला, असा या कथेचा अर्थ सर्व भाष्यकार लावतात. हा पालट त्यांच्या रचनांतही दिसतो. सगुण विठ्ठलाशी भांडणारे, रुसणारे अभंग एका बाजूला आणि निर्गुणाकडे झुकलेली हिंदी पदे दुसऱ्या बाजूला, असे त्यांच्या काव्याचे दोन काठ आहेत. मात्र विसोबांच्या भेटीनंतर त्यांनी विठ्ठलाला सोडले असे मुळीच झाले नाही.

औंढ्याशी निगडित दुसरी कथा मंदिर फिरल्याची आहे. नामदेव देवळात कीर्तन करीत असता, हीन जातीचा म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना उठवून बाहेर काढले. ते देवळाच्या मागच्या बाजूस जाऊन बसले आणि तेथेच गाऊ लागले. तेव्हा देऊळच त्यांच्या दिशेने फिरले आणि पुजाऱ्यांकडे देवाची पाठ झाली. औंढ्याच्या मंदिरात नंदी नेहमीप्रमाणे समोर नसून मागील बाजूस आहे, हा तेथील भाविक या घटनेचा पुरावा मानतात. वास्तुविद्येच्या दृष्टीने नंदीच्या जागेला अन्य कारणे असू शकतात. कथेचे खरे बळ दुसरीकडे आहे. गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांच्या नावावरील दोन पदांत, एक राग भैरवातील व दुसरे राग मल्हारातील, हाच प्रसंग येतो. तेथे गावाचे नाव नाही. परंतु धरून उठवले जाणे, जातीवरून झालेली अवहेलना आणि घोंगडी घेऊन देवळाच्या पाठीमागे जाऊन बसणे हे तपशील तेथे स्पष्ट आहेत. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक शिंपी देवळातून हाकलला गेला आणि त्याने गाणे थांबवले नाही, एवढे चरित्र त्यातून शिल्लक राहते.

तीर्थयात्रा आणि ज्ञानेश्वरांची समाधी

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी उत्तरेकडील तीर्थांची यात्रा केली. राजस्थानातील कोलायत येथे तहानलेल्या दोघांपैकी ज्ञानेश्वरांनी योगसिद्धीने सूक्ष्म होऊन विहिरीतले पाणी प्याले आणि नामदेवांच्या आर्त हाकेने विहीरच भरून वाहू लागली, ही कथा योग आणि भक्ती यांची तुलना करण्यासाठी सांगितली जाते.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांच्या राज्याला उतरती कळा लागली. नामदेवांचे उरलेले आयुष्य, जवळजवळ चोपन्न वर्षे, या मोडत्या काळात गेले. समाधीचा सोहळा त्यांनी अभंगांतून वर्णिला आहे. ‘आदी’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही त्यांच्या नावावरील तीन प्रकरणे म्हणजे ज्ञानेश्वरांचे पहिले चरित्र होय. समाधीच्या अभंगांतील शोक इतका घरगुती आणि उघडा आहे की, त्यापुढे पुढील काळातील अनेक विलापकाव्ये कृत्रिम वाटतात.

कीर्तन

मंदिराच्या बंदिस्त मंडपाऐवजी चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन उभे करण्याचे श्रेय वारकरी परंपरा नामदेवांना देते. वाळवंटाला भिंत नाही. तेथे आवाज परतून येत नाही आणि विरून जातो. म्हणून एकट्याचा कंठ पुरत नाही, टाळकऱ्यांना ध्रुपद उचलून पुढे न्यावे लागते. वारकरी कीर्तनातील सामूहिक गायनाला केवळ या कारणाने रूप आले असे म्हणता येणार नाही, तरी त्याचा या जागेशी मेळ बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाळवंटातून कोणाला उठवून बाहेर काढण्याची सोय नव्हती. तेथे शिंपी, कुंभार, माळी, सोनार, न्हावी आणि महार एकत्र गात.

अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेत्स्के यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नामदेवांची स्मृती मुख्यत: कीर्तनातून टिकली, असे प्रतिपादन केले आहे. लिखित पोथी ही या परंपरेत कीर्तनाची मदतनीस असते. हे मत मान्य केल्यास नामदेवांच्या अभंगांत आढळणारे पाठभेदही वेगळ्या नजरेने पाहता येतात.

मंगळवेढ्याची भिंत

संत चोखामेळा हे नामदेवांना गुरू मानीत. मंगळवेढे येथे गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असता ती कोसळली आणि वेठीच्या कामावर असलेले चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. ही घटना शके १२६०, म्हणजे १३३८ मधील मानली जाते. काही दिवसांनी नामदेव त्यांच्या अस्थी आणण्यास मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली होती. त्यांतून चोखोबांची कोणती हे ठरविण्याचा मार्ग नव्हता. नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती वेगळी काढली, असे परंपरा सांगते.

या कथेकडे चमत्कार म्हणूनच पाहिले जाते. त्यामागचे वास्तव अधिक कठोर आहे. गावाचे रक्षण करणारी भिंत ज्यांनी बांधली, त्यांना गावात राहण्यास मनाई होती. ती त्यांच्यावर पडली तेव्हा मृतांची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. एका शिंप्याने ढिगाऱ्यापाशी बसून एका महाराच्या अस्थी हाताळल्या आणि कानाला लावल्या, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तेरच्या थापटण्याखाली जो कच्चा ठरला होता, तो येथे स्वत: पारख करणारा आहे. नामदेवांनी त्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली.

पंजाबातील वास्तव्य

नामदेव पंजाबात सुमारे वीस वर्षे राहिले, असे मानले जाते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे तेथील मुख्य ठिकाण असून त्या गावाची वस्तीच त्यांच्यामुळे वाढली, असे सांगतात. या वास्तव्याचा नेमका काळ ठरविणे अवघड आहे. मंगळवेढ्याची कथा आणि तिचा शक दोन्ही स्वीकारले, तर ते १३३८ मध्ये महाराष्ट्रात होते असे धरावे लागते. म्हणजे पंजाबातील वीस वर्षे सलग नसावीत, किंवा त्याआधीची असावीत.

गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथाचे संकलन केले, तेव्हा नामदेवांची पदे त्यात समाविष्ट झाली. या पदांच्या हिंदीत मराठीची रूपे ठिकठिकाणी डोकावतात. त्यांत विठ्ठलाचे नाव येते, तसेच रामाचे व अल्लाचेही. मराठी शिंप्याची वाणी गुरुद्वारांतून दररोज रागांत गायिली जाते. आणि महाराष्ट्रात अनेकांना ती अपरिचित आहे, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले, त्या निमित्ताने हा दुवा मराठी वाचकांपुढे पुन्हा आला.

गाथा

नामदेवांच्या नावावर सुमारे अडीच हजार अभंग मिळतात. ते सर्व त्यांचे नाहीत, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीची रचना त्यांच्या गाथेत मोठ्या प्रमाणावर मिसळली आहे. दरोडेखोराच्या पूर्वायुष्याचा जो अभंग नामदेवांच्या चरित्रात चिकटवला गेला, तोही या नामदेवांचा नसल्याचे मत प्रबळ आहे. सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये ‘श्री नामदेव गाथा’ प्रसिद्ध केली. चरित्राचा सर्वांत लोकप्रिय आधार मात्र महिपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) हाच राहिला आहे. तो नामदेवांनंतर चार शतकांनी लिहिला गेला, हे त्यातील कथा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

समाधी आणि महाद्वार

नामदेवांनी शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, म्हणजे जुलै १३५० मध्ये, पंढरपूर येथे देह ठेवला. कुटुंबातील इतरांनीही त्यांच्यासह समाधी घेतली, असे परंपरा मानते. घुमान येथेही त्यांचे समाधिस्थान दाखवले जाते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून ओळखली जाते. देवळात जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी, या इच्छेने त्यांनी ही जागा निवडली, असे सांगतात. वारकरी या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून वंदन करतात आणि ती ओलांडून आत जातात.

पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना त्या समाधीपुढे जाता येत नसे. नामदेवांची पायरी समोर दिसत असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याची त्यांना मुभा नव्हती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या प्राणांतिक उपोषणानंतर ही बंदी उठली आणि मंदिर सर्वांना खुले झाले.